उलटं कुलूप

मध्यस्थानं हसतमुख असावं, असं आम्हाला प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते जमत नाही. सव्वीस वर्षं मी कोर्टात लघुलेखिका होते. लोक भांडायचे, मी उतरवून घ्यायचे. त्यात चेहरा जो एकदा सुतकी झाला तो कायमचाच. निवृत्त झाल्यावर चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलं आणि कोर्टाच्याच मागच्या इमारतीत मध्यस्थ म्हणून बसायला लागले. घरमालक आणि भाडेकरू हा माझा प्रांत. नवरा-बायकोची प्रकरणं शेजारच्या खोलीत जातात, तिथे रडारड चालते. आमच्याकडे सहसा कोणी रडत नाही. आमच्याकडे लोक गळक्या नळावर दोन-दोन तास बोलतात.

खोलीत एक गोल टेबल आहे. गोल अशासाठी, की कोणाला मानाची जागा मिळाली असं वाटू नये. चार खुर्च्या, त्यातली एक डुगडुगते. ती मी घेते, कारण पक्षकाराला दिली तर तिच्यावरून नवा दावा उभा राहायचा. कामाची पद्धत साधी आहे. आधी दोघांना समोरासमोर बसवायचं. मग एकेकाला एकटं बोलवायचं, आणि सांगायचं, की इथे जे बोलाल ते तुमच्या परवानगीशिवाय पलीकडच्याला कळणार नाही. हा एक नियम मोडला, तर बाकीचं सगळं दुकान बंद. माझ्या वहीत डावं पान मालकाचं, उजवं भाडेकरूचं, आणि एकांतात सांगितलेलं मी तांबड्या शाईनं लिहिते. आठ वर्षांत तांबडी शाई मी कधी या पानावरून त्या पानावर जाऊ दिलेली नाही. निदान या प्रकरणापर्यंत तरी नव्हती.

तर हे मास्तर. वय शहात्तर, शाळेत कवायत शिकवायचे. घर स्वतःचं, दुमजली. वर मास्तर आणि त्यांची बायको, खाली तीन खोल्यांत एकोणीस वर्षांपासूनचा भाडेकरू. भाडेकरूचा धंदा कुलपं दुरुस्त करायचा आणि किल्ल्या बनवायचा. चौकात टपरीएवढं दुकान. सगळे त्याला चावीवाला म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. एकटा माणूस होता. घरात बायको का नाही, ते मी विचारलं नाही, कारण त्याचा दाव्याशी संबंध नव्हता.

मास्तरांचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता आणि मुद्द्यांखाली पट्टीनं रेघा मारल्या होत्या. खालचा मजला स्वतःच्या वापरासाठी रिकामा करून हवा, हा मुद्दा पहिला. चौथा मुद्दा मी दोनदा वाचला. भाडेकरूनं जिन्याखालच्या, रस्त्याकडे उघडणाऱ्या दाराला न विचारता कुलूप बसवलं आहे, ते आठ दिवसांत काढावं. सोबत फोटो जोडला होता.

ठरलेल्या दिवशी मास्तर वेळेआधी दहा मिनिटं आले. ताठ बसले. चावीवाला दहा मिनिटं उशिरा आला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, तो खुर्चीवर आपटून वाजला, तशी मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. पन्नाशीचा असेल. बसल्या बसल्या त्यानं टेबलाच्या खणाचं कुलूप बोटानं हलवून पाहिलं आणि मान हलवली. मला तेव्हाच वाटलं, या माणसाशी भांडण करायचं म्हणजे धीर पाहिजे.

आधीचा इतिहास असा, की मास्तरांनी वैतागून एकदा मागच्या अंगणाच्या दाराला स्वतः कुलूप ठोकलं होतं, भाडेकरूची वाट बंद व्हावी म्हणून. चावीवाल्यानं ते अर्ध्या मिनिटात उघडलं, त्यात तेल घातलं, आणि ‘आता अडकणार नाही’ अशी चिठ्ठी लावून किल्ली मास्तरांच्या पत्रपेटीत टाकली. कुलपं लावून कुलूपवाल्याला हुसकवायला निघालेला दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मास्तर हे सांगताना लाल झाले होते. चावीवाला म्हणाला, कुलूप खरंच अडकत होतं.

मग मास्तर चौथ्या मुद्द्यावर आले.

“तीस वर्षं कुलपं बसवतोय हा. आणि माझ्या दाराला उलटं बसवलंय! रस्त्यावरचा कोणीही मूठ फिरवून आत येतो. मला मात्र माझ्याच घरातून बाहेर पडायला किल्ली लागते.”

दाराशी उभा असलेला शिपाई फिस्सकन हसला. मलाही हसू येण्यासारखं होतं. मी चावीवाल्याकडे पाहिलं. तो नखं बघत होता. म्हणाला, बसलं तसं, चुकून. सरळ करून द्या मग, असं मी म्हटलं, तर मूग गिळून बसला. मला राग आला. खोटं बोलणाऱ्यांना मी सव्वीस वर्षं शब्दाशब्दानं उतरवून घेतलंय. खोटं बोलणारा सहसा पाल्हाळ लावतो, तारखा सांगतो, देवाची शपथ घेतो. हा दोन शब्दांत आटपला होता. म्हणजे तो खोटं बोलत होता, पण त्याला सवय नव्हती.

मी मास्तरांना एकटं बोलावलं.

दार लावल्यावर मास्तर पाच मिनिटं हवापाण्यावर बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मला लगेच कळतात. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, की शहात्तराव्या वर्षी तीन खोल्या आणखी कशाला हव्यात. ते खिडकीबाहेरच्या सायकलींकडे बघत राहिले. मग सांगायला लागले.

बायको विसरते. दोन वर्षं झाली. आधी गॅस विसरायची, मग गल्ली विसरायला लागली. मागच्या हिवाळ्यात जिन्यावरून घसरली, नशीब की कठडा हाताला लागला. खाली राहायला आलं तर जिना तरी टळेल. रात्री ती चार-पाचदा उठते आणि घरभर फिरते, मास्तर मागे मागे फिरतात. फक्त दुपारी तीन ते पाच ती झोपते. तेवढंच मास्तरांना डोळे मिटायला मिळतं. आज इथे येताना ते वरच्या दाराला बाहेरून कडी घालून आले होते.

“सकाळी मला विचारते, कोणाकडे आलात? मी म्हणतो, तुमच्याकडेच. तर म्हणते, हे घरी नाहीत, पाच वाजता शाळेतून येतील, बसा. मग मी बसतो.”

हे त्यांनी सरळ आवाजात सांगितलं, हजेरी घेतल्यासारखं. मला वाईट वाटलं. मध्यस्थाला वाईट वाटून चालत नाही, पण वाटलं. मी म्हटलं, हे भाडेकरूला सांगितलंत तर तो कदाचित ऐकेल. मास्तर ताडकन म्हणाले, त्याला कळता कामा नये. चौकात दुकान आहे त्याचं, आज त्याला कळलं की उद्या गावाला. तिनं चाळीस वर्षं घर ताठ मानेनं चालवलं, आता लोकांनी तिच्याकडे बघून चुकचुकायचं? ते चालणार नाही. मी डाव्या पानावर तांबड्या शाईनं लिहिलं: दुपारी ती झोपते. कोणालाही सांगायचं नाही.

मग चावीवाला आत आला. त्याच्या बाबतीत मी वेळ घालवला नाही. म्हटलं, तीस वर्षांत किती कुलपं उलटी बसवलीत? तो म्हणाला, एकच.

अकरा महिन्यांपूर्वी, दुपारी तो दुकानावर असताना, मास्तरांची बायको त्याला चौकात दिसली. पायात दोन वेगळ्या चपला, हातात रिकामी पिशवी, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या. त्यानं हात धरून तिला कडेला आणलं. ती त्याला अण्णा म्हणाली. अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ असावा, असा त्याचा अंदाज. तो तिला घरी घेऊन आला. वर मास्तर घोरत होते. तिला आत सोडून त्यानं दार लोटलं, आणि त्याच संध्याकाळी रस्त्याकडच्या दाराचं कुलूप बदललं. बाहेरून मूठ, आतून किल्ली. बाहेर कोणी गेलंच तर परत येता यावं, पण आतून एकटीला जाता येऊ नये. मास्तरांची किल्ली पत्रपेटीत टाकली.

तेव्हापासून तो रोज तीन वाजता दुकान बंद करून घरी येतो आणि पाचला पुन्हा उघडतो. साडेतीनच्या सुमारास जिन्याची तिसरी पायरी वाजते, की तो जाऊन हात देतो. ती त्याच्याकडे मागच्या खोलीत बसते. तो तिला जुन्या किल्ल्यांचा डबा देतो, ती लहान-मोठ्या लावत बसते. पाच वाजायच्या आत तो तिला वर पोचवतो.

मी विचारलं, मास्तरांना हे का सांगत नाही? एवढा उपकार करता आणि वर उलटी बोलणी खाता.

“ताई, ते रात्रभर जागे असतात. वर चालल्याचं खाली ऐकू येतं. हे कळलं तर दुपारचेही दाराशी बसतील. किती दिवस टिकतील?” थोडं थांबून तो म्हणाला, “आणि त्यांना वाटतंय की कोणाला माहीत नाही. वाटू दे की.”

नाही सांगणार ना, असं त्यानं दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. उजव्या पानावर तांबड्या शाईनं लिहिलं: दुपारी ती खाली येते. दोन्ही पानं माझ्यासमोर उघडी होती आणि मध्ये फक्त वहीची शिवण. दोघंही एकाच बाईची अब्रू एकमेकांपासून राखत होते आणि मला शपथ घालून गेले होते. इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगते, मला त्या क्षणी दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

दोघांना पुन्हा समोरासमोर बसवलं. चावीवाल्यानं बसता बसताच सांगून टाकलं, की तो तीन महिन्यांत जागा सोडायला तयार आहे. मास्तर चक्रावले. एकोणीस वर्षांचा भाडेकरू असा सरळ उठतो हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. पण माझी एक अट आहे, असं चावीवाला म्हणाला, दाराचं कुलूप आहे तसंच राहू द्यायचं.

माझ्या आठ वर्षांत लोकांनी जागा सोडताना पंखे मागितले, खिडक्यांचे गज मागितले, एकीनं भिंतीतला खिळा मागितला. घर सोडतो पण कुलूप सोडत नाही, हे पहिल्यांदाच ऐकलं. मास्तरांचा संशय लगेच जागा झाला. मूठ फिरवून आत यायची सोय ठेवतोय हा, उद्या सामान घेऊन परत घुसेल. चावीवाल्यानं हात जोडले, म्हणाला, मास्तर, जागा घ्या, पण तेवढं ठेवा. कारण सांग, मास्तर म्हणाले. कारण त्याला सांगायचं नव्हतं. मी एकाकडून दुसऱ्याकडे बघत बसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन सुंभ होते.

शेवटी मास्तर उठले. कागद घडी करून खिशात घातले. म्हणाले, तडजोड वगैरे काही नको, कोर्टात बघू. कुलपाचं मात्र मी उद्या सकाळीच बघतो. दुसरा माणूस सांगून ठेवलाय, नऊ वाजता येऊन फोडून देईल.

चावीवाल्याचा चेहरा पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. चौक माझ्या डोळ्यांसमोर आला. उद्या नऊ वाजता कुलूप फुटणार, आणि साडेतीनला ती खाली येणार. तोवर हा दुकान बंद करून घरी आलेला असेल, पण एखाद्या दिवशी उशीर झाला तर? जागा सोडल्यावर? माझ्या तोंडाशी दोन वाक्यं होती. ती बोलले असते तर काम झालं असतं, आणि या खोलीत पुढे कोणी माझ्यावर विश्वास ठेवला नसता, ठेवूही नये. प्रशिक्षण देणारे सर सांगायचे, उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा. मला ते वाक्य तेव्हा गुळमुळीत वाटलं होतं.

मी अर्जाला जोडलेला फोटो काढला आणि टेबलावर मास्तरांच्या बाजूला सरकवला.

“मास्तर, जाण्याआधी एवढंच सांगा. या कुलपानं बाहेरचा माणूस अडत नाही. मग अडतं कोण?”

हे मी विचारायला नको होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. मी दिलेला शब्द मोडला की नुसता वाकवला, यावर मी बऱ्याचदा स्वतःशी वाद घातलाय आणि दोन्ही बाजूंनी हरलेय. फोटो त्यांचा होता, तक्रार त्यांची होती. मी तांबड्या शाईतलं काही वाचून दाखवलं नाही. पण चावीवाल्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला आवडली नाही.

मास्तर उभेच होते. आधी चिडून काहीतरी म्हणणार होते, मग फोटोकडे बघत राहिले. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि हवेतच मूठ फिरवली, बाहेरून आत येणाऱ्या माणसासारखी. मग अंगानं अर्धवट वळून आतून बाहेर जाणाऱ्यासारखी फिरवली. आतून फिरवताना हात मध्येच थांबला. आयुष्यभर मुलांना हात-पाय कसे हलवायचे ते शिकवलेला माणूस, त्याला ते हातानंच कळलं.

ते खाली बसले. बाहेर शिपाई कोणाला तरी नंबर सांगत होता.

“किती वाजता खाली येते?” मास्तरांनी विचारलं.

“साडेतीनला.”

“मी झोपलेला असतो.”

“हो. म्हणूनच नाही बोललो.”

मास्तरांनी विचारलं, जिन्यावरून कशी उतरते. चावीवाल्यानं तिसऱ्या पायरीचं सांगितलं. तुला काय म्हणते, असं विचारलं, तेव्हा तो जरा अडखळला. म्हणाला, अण्णा. मास्तरांनी मान हलवली. अण्णा तिचा भाऊच होता, जाऊन तीस वर्षं झाली. तिनं त्याला तरी ओळखलं, असं मास्तर म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. मी आमच्याकडे कोणी रडत नाही असं वर लिहिलंय. ते त्या दिवसापुरतं सोडून द्या.

त्यानंतरचं काम पाऊण तासात झालं. मी सुचवलं, की मास्तरांनी खाली यावं आणि चावीवाल्यानं वर जावं. चावीवाल्यानं ते तिथेच मोडीत काढलं. तो वर गेला तर ती साडेतीनला त्याला शोधत जिना चढणार. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग असं ठरलं, की पुढच्या दोन खोल्या मास्तरांच्या, मागची एक चावीवाल्याची, आणि वरचा मजला कुलूप लावून बंद. भाडं किती, ते दोन मिनिटांत ठरलं, कारण त्यावर भांडायची कोणाचीच तयारी नव्हती. चहा मागवला. मास्तरांनी आपल्या कपाची बशी चावीवाल्याकडे सरकवली, त्याला बशीतून प्यायची सवय दिसत होती. एकोणीस वर्षांत दोघांनी एकत्र चहा घेतल्याचं मला तरी वाटत नाही.

मी मसुदा लिहायला घेतला. कलम चार, कुलूप. कुलूप आहे तसंच राहील, एवढं लिहिलं आणि थांबले. आमच्या छापील नमुन्यात प्रत्येक कलमासमोर मुदतीचा रकाना असतो आणि तो रिकामा सोडता येत नाही. मी विचारलं, कुलूप कधीपर्यंत ठेवायचं. चावीवाला पायाकडे बघायला लागला. तिघांनाही उत्तर माहीत होतं आणि ते कोणालाही कागदावर नको होतं. मी म्हटलं, मी ‘गरज असेपर्यंत’ असं लिहिते.

“नको,” मास्तर म्हणाले. “लिहा बाई. ज्या दिवशी ती मला ओळखून विचारेल, की अहो, हे कुलूप उलटं कोणी लावलं, त्या दिवशी काढायचं.”

“काढायचं कशाला?” चावीवाला म्हणाला. “सरळ करायचं.”

मास्तरांनी विचार केला आणि म्हणाले, बरोबर आहे, सरळ करायचं असं लिहा. मी तसं लिहिलं, त्यांच्याच शब्दांत, ‘अहो’सकट. दोघांनी सह्या केल्या. मास्तर उठले, आणि दाराशी गेल्यावर थांबून चावीवाल्याला म्हणाले, चल लवकर, तीन वाजत आले. ते दोघं जिना उतरेपर्यंत किल्ल्यांचा आवाज येत होता. मी वही मिटली.

चार दिवसांनी कागद कार्यालयाकडून परत आला. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं शेरा होता: कलम चारची मुदत अस्पष्ट, खुलासा करावा. एरवी अशा शेऱ्यांवर माझं डोकं फिरतं आणि मी पानभर लिहिते. या वेळी मी त्याच्याखाली एकच ओळ लिहिली आणि कागद परत पाठवला.

उभय पक्षांना स्पष्ट आहे.